बेडकाच्या अंड्याची साक्ष



नाल्याकाठी बेडूक ओरडले की आपण पांभर बाहेर काढतो. त्याच डबक्यात बेडकाची अंडी, त्याच पाण्यावर आपली गुरे आणि फवारणीचा पंपही आपण तिथेच धुतो.

बेडकाच्या अंड्याला कवच नाही, नुसता गिळगिळीत थर. पाण्यातले विष सरळ आत शिरते. म्हणून शास्त्रज्ञ काही अंडी स्वच्छ पाण्यात, काही कमी-जास्त औषधाच्या पाण्यात ठेवतात. मेली किती, वाकडी किती, खुंटली किती, हे मोजतात. पुण्याच्या पवार, घाटे, काटदरे यांनी १९८३ साली मॅलाथिऑन असे तपासले. १९८४ साली बीएचसी, कार्बोफ्युरान यांचीही तपासणी छापून आली. पिल्ले मेली, वाकडी निघाली. बीएचसीवर बंदी आली १९९७ साली. मधली १३ वर्षे ती भुकटी आपण कपाशी-ज्वारीवर हातांनी धुरळली. आम्हाला कोणी सांगितले?

बेडूक म्हणजे माणूस नव्हे, हे आम्हालाही कळते. औषध लागते, हेही कळते. पण तपासणीचा निकाल विक्रीआधी, मराठीत, आमच्या गावात सांगा, ही आमची मागणी. आणि पंप नाल्यात धुणार नाही, हा आपला ठराव.