गाडी तापली की सेल्फ का रुसतो?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मालाच्या भावावर बोलणारे बोलून गेले. आमचा विषय लहान आहे; पण ज्यांच्या दारात जुनी पिकअप उभी आहे, त्यांच्या तो रोजच्या कामाचा आहे. गाडी सकाळी एका चावीत चालू होते आणि तापल्यावर बंद केली की सेल्फ घेत नाही. हात वर करा म्हटले तर निम्मी सभा हात वर करील.

आम्ही सहा घरांनी मिळून एक जुनी डिझेल पिकअप घेतली. उन्हाळ कांदा घेऊन लासलगावला जायचे. तिथली रीत तुम्हाला ठाऊक आहे. गाडी रांगेत लावायची, लिलाव झाला की काट्यावर, काट्यावरून व्यापाऱ्याच्या खळ्यावर, आणि रिकाम्या गाडीचे वजन करायला पुन्हा काट्यावर. एका खेपेत पाच-सहा वेळा गाडी बंद करायची आणि तितक्याच वेळा चालू करायची. तीही एप्रिल-मेच्या उन्हात.

आमची गाडी काट्यापाशीच रुसायची. आधी जड घर्र घर्र करायची, मग नुसतेच टक्. मागून हॉर्न, शिव्या. मग उतरा आणि ढकला. कोणी म्हणे सेल्फ गेला. आम्ही दोनदा सेल्फ बांधून आणला. कोणी म्हणे बॅटरी गेली. नवी बॅटरी घातली. आठ दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. शेवटी आम्ही इंजिन बंदच करीनासे झालो. दोन-दोन तास रांगेत डिझेल जाळले.

एकदा ढकलताना उतारावर गाडी मागे आली. आमच्यातल्याच एका घरचा पोरगा मागे होता. बाजूला उडी मारली म्हणून वाचला. त्या रात्री आम्ही ठरवले की आता अंदाजाने एकही पैसा घालायचा नाही. आधी दोष शोधायचा.

उष्णतेने नेमके काय होते?

गाडी चालू असताना पंखा आणि वारा इंजिनाची उष्णता ओढून नेतात. गाडी बंद केली की वारा थांबतो आणि इंजिनाची धग शेजारच्या सेल्फमध्ये शिरते. म्हणून बंद केल्यावरची पहिली वीस-तीस मिनिटे सेल्फला सर्वांत वाईट. तांबे तापले की त्यातून वीज जायला अडथळा वाढतो, दर १० अंशांना सुमारे ४ टक्के. सेल्फवरच्या सोलेनॉइडची गुंडाळी ४० अंशांवरून १०० अंशांवर गेली तर हा अडथळा २० टक्क्यांच्या वर वाढतो. त्यामुळे तिची ओढ कमी होते.

पण एवढ्याने चांगली गाडी बंद पडत नाही. पाइपलाइनचे उदाहरण घ्या. विहिरीवर मोटर पूर्ण दाबाने चालते, पण वाटेत प्रत्येक जोडात थोडा थोडा दाब मेला तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. आपण मात्र मोटर बदलत बसतो. गाडीत बॅटरी ही विहीर आणि सेल्फ हा शेवटचा वाफा. गंजलेले जोड थंडीत कसेबसे निभावतात. उष्णता फक्त शेवटची काडी ठेवते.

मोजायचे कसे?

काही शे रुपयांचा साधा मल्टीमीटर पुरतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. आणि मोजायचे ते गाडी तापलेली, रुसलेली असताना. थंड गाडी खोटी साक्ष देते.

पहिले, बॅटरी. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना १० च्या खाली उतरली तर आधी बॅटरी तपासून घ्या.

दुसरे, जाड वायर. मीटरचे एक टोक बॅटरीच्या अधिक खुंटावर, दुसरे सेल्फच्या जाड बोल्टवर. सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर तेवढा दाब वाटेत मेला.

तिसरे, अर्थिंग. एक टोक बॅटरीच्या वजा खुंटावर, दुसरे इंजिनाच्या कोऱ्या लोखंडावर. इथे ०.३ च्या वर दिसायला नको. आमच्या गाडीत १.४ दिसले! इंजिन आणि चासी यांना जोडणारी पट्टी गंजून तिच्या चार तारा उरल्या होत्या. दोन सेल्फ आणि एक बॅटरी आम्ही त्या पट्टीपायी घालवली होती.

चौथे, चावीकडून सोलेनॉइडला येणारी बारीक वायर. बॅटरीचा अधिक खुंट आणि ते बारीक टोक यांच्यात मीटर लावून चावी धरा. आमच्याकडे जवळजवळ ३ व्होल्ट जुन्या स्विचातच जात होते. त्यावर सेल्फसाठीचा रिले बॅटरीजवळ बसवून घेतला, फ्यूज घालून. आता चावी फक्त रिलेला हुकूम देते, वीज सरळ बॅटरीतून जाते.

पट्टी नवी, जोड घासून साफ, रिले, आणि सायलेन्सरचा पाइप व सेल्फ यांच्यामध्ये दोन्हींना न टेकणारा पत्रा. एवढ्यावर आमचा पुढचा हंगाम एकदाही न ढकलता गेला.

चारही मापे ठीक आली आणि तरी सेल्फ जड फिरला, तरच तो उतरवा. कार्बन झिजलेले असतील, किंवा बुश खाल्ल्याने आर्मेचर घासत असेल. पान्ह्याचा टोला मारल्यावर गाडी चालू होत असेल तर कार्बन किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट आधी पाहा. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही, तर दोष सेल्फचा नाहीच; डिझेलकडे वळा.

तीन गोष्टी करू नका. तापलेल्या सेल्फवर पाणी ओतू नका; आम्हीही ओतले आहे. गाडी तेवढ्यापुरती चालू होते, पण पाणी आत जाऊन नवे दुखणे लागते. पेचकसाने सोलेनॉइडची टोके जोडू नका. गाडी गियरमध्ये असली तर अंगावर येते. आणि सेल्फ दहा सेकंदांहून जास्त धरू नका, मध्ये दोन मिनिटे विसावा द्या. वायर खोलताना बॅटरीचे वजा टोक आधी काढा.

मिस्त्रीवर आमचा राग नाही. आम्हीच त्याला "सेल्फ बघ" म्हणून सांगत होतो, त्याने सेल्फच बघितला. आता आम्ही चार आकडे कागदावर लिहून घेऊन जातो.

मीटर आम्ही सोबत आणला आहे. बाहेर ज्यांच्या गाड्या उन्हात उभ्या आहेत, त्यांनी बैठक संपल्यावर थांबावे. तापलेल्या आहेत तोवरच मोजून घेऊ.