मुरगळलेला पाय आणि चालता संसार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी सातवीपर्यंत शिकलेली, व्याख्यान देणे हे काही माझे काम नव्हे. पण खेळताना लागलेल्या पायाने संसार कसा चालवला हे सांग, असे त्या म्हणाल्या, तेव्हा नाही म्हणवेना. हा विषय पुस्तकातला नाही, माझ्या घोट्यातला आहे.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण लंगडीचा सामना लावला होता, हे पुष्कळजणींना आठवत असेल. लंगडी घालताना माझा उजवा पाय आत वळला आणि मी खाली बसले. घटकाभरात घोटा लिंबाएवढा सुजला. मग सल्ल्यांना काय तोटा? एक म्हणाली, जोराने ओढ म्हणजे बसेल. दुसरी म्हणाली, गरम तेलाने चोळ. तिसरी म्हणाली, तशीच चाल म्हणजे मोकळा होईल. यातले काहीच करू नये हे मला पुढे डॉक्टरांकडून समजले, म्हणून आधी तेच सांगते.

पाय आत वळला म्हणजे घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे, हाडाला हाड बांधणारे बंध ताणतात किंवा तुटतात. त्यांना लिगामेंट म्हणतात. पहिले दोनतीन दिवस तेथे आतून रक्त व पाणी साचत असते. त्यावर चोळले किंवा शेक दिला तर सूज वाढते. हाड मोडले की काय, हे कसे ओळखावे? कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली याचे सोपे नियम बसवले. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोट दाबून दुखले, किंवा त्या पायावर चार पावलेही टाकता आली नाहीत, तर फोटो काढावा. मला चार पावले टाकता येईनात. फोटो काढला. हाड शाबूत होते, बंध मात्र फाटला होता.

एक गोष्ट प्रत्येकीने लक्षात ठेवावी. पाय सुजू लागला की जोडवी आणि पैंजण ताबडतोब काढावीत. सूज बोटांवर उतरली म्हणजे जोडवे रुतते आणि रक्त अडते. सौभाग्याचे लेणे म्हणून सासूबाई प्रथम कचरल्या. पण बोट काळपट दिसू लागले तशी त्यांनीच साबण लावून ती काढली आणि देवापुढच्या डबीत ठेवली. आकडी पट्टा बांधतानाही हेच पाहावे. बोटे गार पडली, निळी झाली किंवा बधिर वाटली तर पट्टा सैल करावा.

आता संसाराचे. आमच्या इचलकरंजीत घरोघर मागाचा खडखडाट. आमच्या घरचेही मागावर पाळीला जातात. मी परगावच्या आठ कामगारांना सकाळचे डबे देते, म्हणजे घरच्या सोडून बत्तीस चपात्या. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे जपायचे. सहा आठवडे डबे बंद ठेवले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार, आणि गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही. मुलाची अकरावीची फी त्याच पैशांतून जाते. तेव्हा निजून राहणे परवडणारे नव्हते, आणि पाय कायमचा अधू करून घेणेही परवडणारे नव्हते.

पहिले तीन दिवस डबे बंद ठेवले आणि आठहीजणांना तसे आधीच कळवले. चौथ्या दिवसापासून कामाची मांडणी बदलली. कट्ट्यापाशी उंच स्टूल आणले, दुखरा पाय दुसऱ्या स्टुलावर उशी घालून ठेवला आणि बसून चपात्या लाटल्या. पीठ हे मळून देत. पहिल्या दिवशी ते इतके घट्ट मळले गेले की लाटणेच हरले! आठ दिवसांत हात बसला. भाजी निवडणे सासूबाईंनी घेतले, डबे पोचवणे मुलाने. पाणी भरणे आणि धुणे यांना मी हात लावला नाही. हिंडून करायची कामे दुसऱ्यांची, बसून करायची माझी, अशी वाटणी झाली. दुपारी अर्धा तास पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडत असे, कोणी काही म्हणो.

न्हाणीघरात प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. उकिडवे बसणे काही दिवस सोडावे लागते, त्याची लाज बाळगू नये. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एवढे पाठ केले तरी निम्मे हाल वाचतात.

बर्फाविषयी मतभेद आहेत. १९७८ साली डॉ. गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, पट्टा आणि पाय उंच ठेवणे असा चौपदरी उपाय सांगितला व तो जगभर चालला. २०१४ साली त्यांनीच म्हटले की बर्फाने आणि पूर्ण विश्रांतीने बरे होण्यास उशीरही लागू शकतो. मला व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितले, ठणका असह्य झाला तर फडक्यात गुंडाळून दहा मिनिटे ठेवा, पण त्यावर विसंबू नका. पाय हळूहळू चालवल्यानेच बंध नीट भरतो.

मैत्रिणींनो, खरी मेख येथे आहे. सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला असे नव्हे. फाटलेल्या बंधाबरोबर पायाचा तोलही हरवतो. तो परत आणला नाही तर तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवावी. दूध तापेपर्यंत कट्टा धरून टाचा उचलाव्यात. पुढे डॉक्टर हो म्हणाले की कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत भिंतीजवळ एका पायावर उभे राहावे. सरतेशेवटी त्या पायावर न दुखता उड्या मारता आल्या, म्हणजे खेळायला हरकत नाही. याचा अर्थ असा की लंगडीने मोडलेल्या पायाची शेवटची परीक्षा लंगडीच!

या काळात एक बोलणे मला फार ऐकावे लागले, “चाळिशी उलटल्यावर लंगडी कशाला?” मी विचार केला. आपल्यातली एखादी घागर घेऊन घसरली तर कोणी म्हणत नाही, या वयात पाणी कशाला भरलेस? कामात पडलेल्या बाईची कीव होते आणि खेळात पडलेल्या बाईची चूक होते, हा कुठला न्याय? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला, आणि त्यांची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. त्या मुलींचे आपण कौतुक करतो. मग त्यांच्या आयांनी मैदानात पाऊल टाकले तर का बिघडावे?

मात्र खेळायचे तर तयारीने खेळावे. मंडळाला माझी विनंती आहे की यंदाच्या सामन्यांआधी मैदानातले खड्डे बुजवावेत, आधी दहा मिनिटे अंग मोकळे करून घ्यावे, चपला फेकून न धावता घट्ट बसणारे बूट घालावेत, आणि पेटीत दोन आकडी पट्टे ठेवावेत. खर्च थोडा, उपयोग मोठा.

आठांपैकी सात डबे आजही माझ्याकडे आहेत. पीठ अजून हेच मळतात, आणि आता ते माझ्यापेक्षा मऊ मळतात. लंगडीसाठी मी यंदा नाव दिले आहे. ज्यांनी दिले नसेल त्यांनी चिटणीसबाईंकडे द्यावे.