उशाशी काय आहे?



सध्या मी मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे' दुसऱ्यांदा वाचतेय. हमीदभाईंचं नाव आपण भाषणात घेतो. पण चळवळ आणि आजारपण यांच्यात घर कसं उभं राहिलं, ते इथं कळतं. सोबत हमीदभाईंची 'इंधन' आहे, 1965 ची कादंबरी, कोकणातल्या गावाची. त्यांना शिव्या देणारे आणि हार घालणारे, दोघांनीही ती बहुधा वाचलेली नसते!

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' मात्र रोज चारच ओव्या. मोठ्यानं वाचल्याशिवाय त्या उलगडत नाहीत, आणि मोठ्यानं वाचलं की घरचे दचकतात.

वाचायचं कधी? भाऊ मोबाइल घेऊन तासभर लोळला तर कुणी काही म्हणत नाही. मी पुस्तक उघडलं की अम्मी विचारते, "काही काम नाही का तुला?" म्हणून माझं वाचन एसटीत, नाहीतर रात्री अकरानंतर. मुलींनो, तुमचंही असंच असेल. तरी ती वेळ सोडू नका.

इस्मत चुगताई मी देवनागरीत वाचल्या. नानी उर्दू वाचायची, तिला मराठी लिपी येत नव्हती. माझं नेमकं उलटं. तिची पत्रं पेटीत तशीच पडून आहेत. घरात आता ती कुणालाच वाचता येत नाहीत. गेल्या रमजानपासून मी अलिफ-बे शिकतेय. पहिल्या पत्राच्या तीन ओळी लागल्या. चौथीत अम्मीचं नाव आहे, पुढचं अजून लागत नाही.