पट्टीवरचं तांबं
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला फोनवर बजावलं होतं, "तू कॉम्प्युटरवाली, तंत्रज्ञानावर बोल, पण झोप येणार नाही असं बोल." जेवणाआधीची वेळ दिली आहे, त्यामुळे झोपेची भीती नाही, तुमच्या भुकेची आहे. म्हणून थेट आपल्या प्रयोगशाळेतच जाऊ.

काचेच्या पेटीतला तो फिजिकल बॅलन्स आठवतोय? आणि मोरचुदाच्या निळ्या पाण्याची बरणी? दहावीत सरांनी अभ्यासक्रमाबाहेर जाऊन एक प्रयोग दिला होता. निळ्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या बुडवायच्या आणि वीज सोडायची. एका पट्टीवरचं तांबं सुटतं आणि दुसरीवर जाऊन बसतं. फॅरेडेचं गणित सरांनी फळ्यावर मांडलं होतं. ०.१ अँपिअर वीज अर्धा तास सोडली, तर साधारण ६० मिलिग्रॅम तांबं बसायला हवं.

बाहेर गॅदरिंगच्या नाचाची तालीम सुरू होती. अर्धा तास कोण बसणार? मी हिशेब केला. वीज सहापट केली, तर पाच मिनिटांत काम संपेल. गणित बरोबर होतं. सेल वाढवले, ०.६ अँपिअर सोडली आणि पट्टीवर काळपट-तपकिरी भुकटी जमली. धुवायला गेले तर निम्मी पाण्याबरोबर वाहून गेली. मी वहीत शांतपणे "६० मिलिग्रॅम" लिहिलं आणि तालमीला पळाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझी पट्टी हातात घेतली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. म्हणाले, "वहीत तांबं आहे, पट्टीवर नाही." ओरडले नाहीत. पुन्हा प्रयोग करायला लावला. या वेळी अर्धा तास अँमीटरसमोर बसले. आले ५० मिलिग्रॅम. मी विचारलं, "सर, साठ लिहू का?" सर म्हणाले, "पन्नासच लिही. दहा कुठे गेले ते शोधायचं असतं, भरायचं नसतं."

सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. हे वाक्य तुम्हाला आठवत नसेल. मला मात्र ते पुढे फार महागात पडलं आणि फार उपयोगीही पडलं. कसं, ते सांगते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. काही वर्षांपूर्वी मला गॅस गळतीच्या अलार्मच्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं. सेन्सर म्हणजे काय हे समजून घ्यायला वाचायला बसले, आणि परदेशी शोधनिबंधांच्या ढिगात पत्ता दिसला: शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर. तिथल्या प्रा. सी. डी. लोखंडे आणि प्रा. एस. एच. पवार यांनी १९८९ मध्ये एक मोठा आढावा लिहिला होता. विषय काय, तर विजेच्या साहाय्याने द्रावणातून अर्धवाहकांचे पातळ थर बसवणं. म्हणजे आपलाच प्रयोग! फक्त मोरचुदाच्या जागी दुसरे क्षार आणि तांब्याच्या पट्टीच्या जागी वीज वाहून नेणारा लेप दिलेली काच.

या पद्धतीचं मोल कशात आहे? सिलिकॉन वितळवायला १४०० अंशांच्या वर जावं लागतं. इथे थर बसतो तो पाण्यात, पाणी उकळण्याच्याही खालच्या तापमानाला. १९७८ मध्ये क्रोगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅडमियम टेल्युराइडचा थर असा बसवून दाखवला. या पदार्थाचा एक-दोन मायक्रॉन जाडीचा थरही बहुतेक सूर्यप्रकाश शोषून घेतो. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो.

पण युक्ती आहे ती संयमात. द्रावणात टेल्युरियम अगदी थोडं ठेवायचं आणि विजेचा दाब काटेकोर सांभाळायचा, म्हणजे प्रत्येक टेल्युरियमच्या अणूला कॅडमियमचा जोडीदार मिळतो. दाब जास्त झाला की नुसतं कॅडमियम बसत सुटतं आणि थर बिघडतो. हे वाचताना मला माझी काळी भुकटी आठवली. शिवाय सोडलेल्या विजेपैकी काही वाटेत हायड्रोजनचे बुडबुडे करण्यात खर्च होऊ शकते, म्हणून हिशेबापेक्षा थर पातळ भरतो. तिथले संशोधकही "दहा मिलिग्रॅम कुठे गेले" हेच शोधत असतात.

यातून सौर पॅनेल झाले का? झाले. बीपी सोलर या कंपनीने असे पॅनेल बाजारात आणले होते, पण २००२ मध्ये ते काम बंद केलं. आज कॅडमियम टेल्युराइडचे पॅनेल मोठ्या प्रमाणावर बनतात, पण ते वाफेतून थर बसवून. आपल्याकडच्या छपरांवर दिसतात ते बहुतेक सिलिकॉनचे. शिवाय कॅडमियम विषारी, त्याची विल्हेवाट जपून लावावी लागते. हे सगळं सांगते, कारण पन्नासला साठ म्हणायचं नाही असं शिकले आहे.

तरी या विषयाचं आपल्याला अप्रूप वाटायला हवं. आपल्या शेजारी भिवपुरीला टाटांचं वीजघर १९२२ पासून आहे. त्या विजेवर मुंबई उजळली, तिथून सुटलेलं पाणी आपल्या पेज नदीला आलं, आणि आपण मात्र भारनियमनात कंदिलाच्या काचा पुसत दहावीचा अभ्यास केला. घराच्या कौलावर वीज तयार होणं म्हणजे काय, हे कशेळ्याच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता गॅसकडे येते. बाजारातले बरेचसे सेन्सर टिन ऑक्साइडचे असतात. त्याच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन धरून बसतो. गॅस आला की तो ऑक्सिजन गॅसशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध कमी होतो. पण त्यासाठी सेन्सर सतत काहीशे अंशांना तापवत ठेवावा लागतो. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये कॅडमियम सेलेनाइड आणि पॉलिअॅनिलिन असे दोन्ही थर विजेनेच बसवले, आणि ती जोडी साध्या खोलीच्या तापमानाला एलपीजी ओळखते असं दाखवून दिलं.

हे मी इतक्या जवळून का वाचलं, त्याला कारण माझी आई. वयानुसार तिचं नाक गेलं होतं, आणि आम्हा कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. एका संध्याकाळी इथल्याच घरात बर्नर विझला आणि गॅस सुरूच राहिला. एलपीजीला वास नसतो म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य घालतात. पण ज्याला वासच येत नाही त्याने काय करायचं? आई त्याच खोलीत वाती वळत बसली होती. दिवेलागणीची वेळ होती. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, दारातच थबकल्या. दिव्याच्या बटणाला हात न लावता त्यांनी रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या आणि आईला अंगणात आणलं. विरजण राहूनच गेलं.

पुढे पावसाळ्यात आमचे अलार्म दमट हवेमुळे उगाच वाजू लागले. तक्रारी आल्या. मीटिंगमध्ये ठरलं, धोक्याची रेषा वर सरकवा, सगळं शांत होईल. एका ओळीचं काम होतं. पण मला आई आणि वाती दिसत होत्या. मी म्हटलं, असं करणार नाही, आधी दमटपणाचा हिशेब वेगळा करू. दोन महिने उशीर झाला, बोलणी खाल्ली, त्या वर्षी बढतीही हुकली. त्यामुळे कुणाचा जीव वाचला का, हे मला कधीच कळणार नाही. वहीत मात्र खरा आकडा आहे.

जाता जाता कामाचं सांगते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. अलार्म जमिनीपासून हातभर उंचीवर लावा, छताजवळ नको. वास आला तर बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना अधूनमधून विचारा, फोडणीचा वास येतो ना?

शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरासाठी मी एक अलार्म आणला आहे, जेवणानंतर आपण मिळून तो लावू. आणि प्रयोगशाळेसाठी तांब्याच्या दोन पट्ट्या आणल्या आहेत. नव्या मुलांना अर्धा तास बसायला लावा, सर.