मण्याला मणी



आज आम्ही एका लहानशा गोष्टीबद्दल बोलणार आहोत. गोष्ट मण्याएवढी आहे. घरच्या घरी, आपल्या हाताने माळ कशी करावी, हे सांगणार आहोत.

कुणी म्हणेल, "इथे पोटाची भ्रांत, आणि हे माळा कसल्या सांगतात?" विचारणं बरोबर आहे. म्हणून त्याचं उत्तर आधी देतो.

नटावं असं कुणाला वाटत नाही? गरिबालाही वाटतं. पण दागिना म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सोनंच येतं. लग्नकार्य निघालं की सोन्यासाठी कर्ज काढतात. पुढे पाऊस दगा देतो. मग तेच सोनं गहाण पडतं. व्याज वाढत जातं, दागिना सुटत नाही. बाईचा गळा ओका तो ओकाच राहतो. चार बायकांत जायची तिला लाज वाटते. आम्ही म्हणतो, लाज कशाची? आपल्या हाताने ओवलेली माळ घाला आणि ताठ मानेने जा. ती माळ कुणी गहाण ठेवून घेणार नाही. म्हणूनच ती आपल्या गळ्यात राहील.

ही कला नवी नाही. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे खोदकाम केलं. जमिनीखाली तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव सापडलं. ती माणसं आपल्यासारखीच शेती करत. त्यांच्या वस्तीत मातीचे आणि दगडाचे मणी निघाले. म्हणजे शेतकऱ्याला माळेची हौस तेव्हाही होती!

आजही पंढरपुरात काशीकापडी समाजाचे लोक वाळलेल्या तुळशीचे मणी करतात. त्यांच्या माळा वारकऱ्यांच्या गळ्यात असतात. पटवेकऱ्याचं काम तर तुम्ही पाहिलंच असेल. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून तो दागिना गाठवतो. सोनार मणी घडवील, पण पटवेकऱ्याच्या गाठीशिवाय ते मणी गळ्यात राहणार कसे?

आता सुरुवात कशी करावी ते पाहू.

सामान थोडंच लागतं. काचेचे मणी, बारीक सुई, पक्का दोरा, कात्री, पट्टी आणि मेणाचा तुकडा. पहिल्याच वेळी फार बारीक मणी नकोत. ज्वारीच्या दाण्याएवढे घ्या. डोळ्यांना त्रास होणार नाही.

आधी माप घ्या. गळ्याभोवती दोरा धरून माळ कुठवर हवी ते पाहा. तो दोरा पट्टीवर मोजा. समजा, १६ इंच भरला. आता एक इंचभर मणी ओवून मोजा. समजा, ६ मणी बसले. मग १६ गुणिले ६, म्हणजे ९६ मणी लागतील. पाच लाल आणि एक पांढरा असा क्रम धरला, तर तो १६ वेळा येईल. लाल लागतील ८०, पांढरे १६. हे वहीत लिहून मग बाजारात जा. दुकानदार म्हणेल तेवढे घेऊ नका, आपल्या वहीत आहेत तेवढे घ्या. चार-दोन फुटतील म्हणून थोडे जास्त घ्या, एवढंच. शिकलेली आकडेमोड अशी उपयोगी पडते, बरं का!

दोरा दुहेरी घ्यायचा, आणि दोन्ही टोकांना एकेक वीत सोडायचा. म्हणून १६ इंची माळेसाठी सुमारे ७० इंच दोरा कापा. तो मेणावरून दोनदा ओढा. काचेच्या मण्याची कड धारेची असते, ती दोरा कापते. मेणाने दोरा गुळगुळीत होतो, लवकर झिजत नाही.

ताटात जाड फडकं पसरा आणि त्यावर मणी ओता. मग ते घरंगळत नाहीत. दोऱ्याच्या टोकापासून एक वीत सोडून गाठ मारा. गाठ मण्याच्या भोकापेक्षा मोठी हवी. लहान वाटली तर त्याच जागी आणखी एक मारा. आता ओवायला लागा. सगळे मणी झाले की शेवटच्या मण्यालगत तशीच गाठ मारा. पण फार आवळू नका. जरा ढील ठेवा. ताणलेली माळ काठीसारखी ताठ होते आणि लवकर तुटते.

उरलेली टोकं मानेमागे बांधायची. तिथे निरगाठ नको, सुरगाठ घाला. ओढली की सुटते.

मणी विकत घ्यायचे नसतील तर मातीचे करा. कुंभाराची माती चाळा, भिजवा, मळा आणि लहान गोळ्या वळा. खराट्याच्या काडीने भोक पाडा. भोक जरा मोठंच ठेवा, कारण माती वाळताना आकसते. मणी आठवडाभर सावलीत वाळू द्या. मग कुंभाराच्या भट्टीत भाजायला द्या. घाई करू नका. ओला मणी आगीत गेला, तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि तो फुटतो.

काही गोष्टी जपायला हव्यात. रांगतं मूल जवळ असेल तर मणी खाली ठेवू नका. मूल मणी तोंडात घालतं आणि तो घशात अडकतो. दुसरं, गुंजा. लाल, त्यावर काळा ठिपका, दिसायला फार देखण्या. सोनार पूर्वी त्यांनीच सोनं तोलत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. पण गुंजेच्या आत जहाल विष असतं. भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज जिवावर बेतू शकते. तिची माळ करूच नका.

शेवटी एक महत्त्वाचं. छंद वेगळा आणि धंदा वेगळा. हात बसला, शेजारणीने माळ मागितली, तर जरूर विका. मणी, दोरा आणि आपली मेहनत, तिन्हींचा हिशेब लिहा. पण या कामासाठी कर्ज काढू नका. "घरबसल्या मणी ओवा, आधी अनामत भरा," असं कुणी सांगत आलं तर सावध व्हा. अशा बोलण्याला भुलून माणसं फसतात. कागद पुढे केला तर तो वाचा. आता तुम्हाला वाचता येतं. पुरता वाचल्याशिवाय सही करू नका.

पहिली माळ वेडीवाकडी होईल. होऊ द्या. तुमचं पहिलं अक्षरही वेडंवाकडंच होतं. गिरवून गिरवून ते वळणावर आलं. मण्याला मणी जोडत गेलात की माळही तशीच वळणावर येईल.