जुन्या लॅपटॉपची रॅम

मुलांच्या शिक्षणासाठीं वापरलेला लॅपटॉप घेणें ही आज बीड, परळी, अंबाजोगाई येथील पुष्कळ मध्यमवर्गीय घरांची रीत झाली आहे. नव्याची किंमत झेपत नाहीं; जुना परवडतो. पण थोड्याच दिवसांत मुलगी तक्रार करते, ‘फार संथ चालतो.’ मग गृहस्थ पुन्हां पैसे काढतो आणि दुकानदारास सांगतो, ‘असेल ती मोठ्यांत मोठी रॅम बसवा.’ चूक होते ती येथेंच.

रॅम म्हणजे कोठार नव्हे. तें विद्यार्थ्याच्या पुढ्यांतील मेज होय. पुस्तकें डिस्कच्या कपाटांत राहतात, वाचण्यापुरतीं मेजावर येतात. मेज अपुरें पडलें, कीं एक ठेवून दुसरें आणण्याची येरझार सुरू होते आणि तींत वेळ जातो. तेव्हां मेजच अपुरें आहे काय, हें आधीं पाहावें. नेहमींचें काम चालू असतां विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडावा. मेमरीचा आंकडा सतत ९० टक्क्यांच्या घरांत असेल, तर रॅम वाढविणें सार्थ. मेमरी निम्मी मोकळी आणि डिस्कच सदैव गुंतलेली असेल, तर तो पैसा एसएसडीकडे वळवावा.

दुसरा प्रश्न जातीचा. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिना असतात, डीडीआर४ला २६०, डीडीआर५ला २६२. एक दुसरीच्या जागीं बसत नाहीं, म्हणून तेथें फसगत होत नाहीं. फसगत होते ती सारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांत. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ वर. केवळ १.३५ व्होल्ट देणाऱ्या यंत्रांत साधी पट्टी बसते खरी. पण यंत्र सुरू होईलच, असें नाहीं. यासाठीं जुनी पट्टी काढून तिच्यावरील अक्षरें वाचावीं, हा सर्वांत सोपा उपाय.

तिसरा प्रश्न मर्यादेचा. विंडोज ३२ बिटांची असेल, तर ४ जीबीपलीकडील रॅम तिच्या उपयोगी पडत नाहीं. कित्येक पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच पक्की जडविलेली असते. तेथें उपाय चालत नाहीं. स्लॉट दोन असल्यास सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या घालाव्या, म्हणजे दोन्ही वाटांनीं माहितीची ने-आण होते. वेग निरनिराळे असल्यास दोन्ही पट्ट्या मंद पट्टीच्या वेगानें चालतात. म्हणून अधिक वेगाच्या पट्टीस अधिक दाम मोजणें व्यर्थ.

२०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती जगभर चढल्या. चुकीची पट्टी घेणें तेव्हांपासून अधिकच महाग झालें. म्हणून लॅपटॉप दुकानांत न्यावा, पट्टी आपल्यासमोर बसवून घ्यावी, पडद्यावर क्षमतेचा आंकडा पाहावा, बदलून देण्याची मुदत पावतीवर लिहून घ्यावी आणि मगच पैसे द्यावे. ज्या घरांत हा खर्च मुलीच्या फीच्या पैशांतून निघतो, तेथें दहा मिनिटांची ही चौकशी म्हणजे चिकित्सा नव्हे, कर्तव्यच आहे.