‘न्यायमूर्ती’ होण्याआधीचे रानडे
(मंडळाच्या गणेशोत्सवात मकरपुरा येथे दिलेले भाषण)



१८९३ हे साल आपल्याला सार्वजनिक गणेशोत्सवामुळे ठाऊक आहे. त्याच साली १ सप्टेंबरला मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले आणि नोव्हेंबरात त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे आले. आज त्या नेमणुकीबद्दल बोलू.

तेलंगांना हे पद चाळिशीच्या आत मिळाले होते. त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे असलेले रानडे तिथे पोहोचले ते ५१ व्या वर्षी. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत ज्यांचे नाव, १८७१ पासून जे पुण्यात सबजज्ज, त्यांना एवढा वेळ का लागला?

रानडे कचेरी सुटल्यावर सार्वजनिक सभेचे काम करीत. सरकारच्या डोळ्यांत ते खुपले. आधी नाशिकला बदली झाली, मग १८७९ मध्ये धुळ्याला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस. धुळ्यात रानड्यांची पत्रे फोडून वाचली जात. बंडाच्या खोट्या खबरा लिहिलेली पत्रेही त्यांना येत. ती ते सरळ पोलिसांकडे पाठवून देत. रमाबाईंनी हे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

ॲडव्होकेटची परीक्षा ते उत्तीर्ण होते. राजीनामा देऊन वकिली करता आली असती. त्यांनी नोकरी सोडली नाही आणि सभेचे कामही सोडले नाही. संशय पुढे निवळला. १८७५ च्या दंग्यांनंतर दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला होता. सावकाराने कागदावर काहीही लिहून घेतले असो, मूळ व्यवहार काय होता हे कोर्टाने तपासावे, अशी त्यात सोय होती. १८८७ पासून रानडे त्या कायद्याचे स्पेशल जज्ज होते. गावोगावच्या कोर्टांचे निकाल तपासत ते हिंडले.

‘न्यायमूर्ती’ हा शब्द आपण त्यांच्या नावाचाच भाग समजतो. पण ते पद त्यांच्याकडे जेमतेम सात वर्षे होते. १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले. त्याआधीची बावीस वर्षे खालच्या कोर्टांतली, बदल्यांची आणि संशयाची.

टिळकांचे नि त्यांचे सामाजिक प्रश्नांवर कडाक्याचे मतभेद. तरी रानडे गेल्यावर, निपचित पडलेल्या महाराष्ट्रात जीव आणल्याचे श्रेय टिळकांनीच ‘केसरी’तून त्यांना दिले.

मंडळी, बदली आपल्या घरांना नवी नाही. आपल्यातल्या कुणाचे पणजोबा गायकवाडांच्या चाकरीत बडोद्याला आले, कुणाचे वडील मकरपुऱ्याच्या कारखान्यात. आपल्या मुलांनाही वरची जागा उशिरा मिळेल, कदाचित मिळणारही नाही. अशा वेळी हायकोर्टातल्या रानड्यांपेक्षा धुळ्यातले रानडे त्यांना जास्त उपयोगी पडतील. ते त्यांना घरी सांगा.

गणपती बाप्पा मोरया!